दुसरा मास्क

शनिवारी सकाळी शटर वर जायच्या आधीच मित्सुए उन्नो कात्सुमातांच्या मॉडेलच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या हस्ताक्षरातली यादी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली, चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं. जानेवारीत शिझुओकाची हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात आणि वाळत घातलेला रुमाल दुपारच्या आत कडक होऊन जातो. समोरच्या छपरांच्या वर फुजी लख्ख दिसत होता. रस्त्यावर कुणी तिकडे बघत नव्हतं.

"एवढ्या सकाळी? दुकानाला आग लागली म्हणून कळवायला आलात की काय?" कात्सुमाता शटर ढकलत म्हणाले. वय बहात्तर, चष्मा कायम कपाळावर आणि जीभ कायम धारदार.

"एअरब्रश घ्यायचाय. त्याच्यासोबतचं सगळं. आमच्या ह्यांनी यादी करून ठेवली होती."

कात्सुमातांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ यादी वाचली. हिदेआकी उन्नो चाळीस वर्षं त्यांचं गिऱ्हाईक होता. राखाडी रंगाच्या कुठल्या छटेवरून दोघांचं एकदा भांडण झालं, तेव्हा दीड वर्ष अबोला होता. ऑक्टोबरात हिदेआकी गेला. फुप्फुसं गेली होती.

"तुम्ही स्वतः मारणार रंग? त्या बोटीला?"

"मीच."

ती बोट म्हणजे सेइरान-मारू. शिमिझूहून आखात ओलांडून पलीकडे जाणारी जुनी फेरी. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा हिंडायला गेले ते तिच्यावरून. मित्सुएला बोट लागली आणि तिला हिदेआकीच्या टोपीत ओकारी झाली. त्याचं डोकं मोठं, टोपीही दुकानातल्या सगळ्यात मोठ्या मापाची, म्हणून निभावलं असं तो पुढे येईल त्याला सांगायचा. त्या फेरीचं मॉडेल बाजारात मिळत नव्हतं. त्याने प्लॅस्टिकचे पत्रे कापून सहा वर्षांत ती उभी केली, अगदी कठड्यांसकट. रंग तेवढा राहिला. "हिला साधा ब्रश लावायचा नाही, पांढऱ्यावर ओरखडे दिसतात," म्हणाला आणि यादी भिंतीवर लावली. मे महिन्याच्या प्रदर्शनात त्याच्या क्लबच्या टेबलावर त्याची अर्धा मीटर जागा होती. या वर्षी ठेवतो, पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यावी लागेल, असं अध्यक्षांनी फोनवर सांगितलं होतं. म्हणजे बोट जायची तर याच वर्षी. आणि रंग बिघडला तर सहा वर्षं बिघडली.

कात्सुमातांनी एकेक वस्तू काउंटरवर मांडली. कॉम्प्रेसर टाकीवाला, कारण टाकी नसली की हवा धापा टाकत येते. एअरब्रश तीन दशांश मिलिमीटर तोंडाचा, शिकाऊ हाताला तोच बरा. दोन मीटर नळी. दाब कमीजास्त करायची चावी, आणि तिच्याखाली हवेतलं पाणी अडवणारी काचेची छोटी वाटी. ती मित्सुएला समजावून सांगावी लागली नाही. एकतीस वर्षं ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिथल्या कॉम्प्रेसरमधलं पाणी तीच काढायची, जूनमध्ये रोज, आणि जानेवारीत थेंब सापडायचा नाही.

"फवारणीचा खोका, पंख्याचा. ह्याची नळी खिडकीतून बाहेर. एअरब्रश अडकवायचा स्टँड... दोन आकड्यांचाच येतो." कात्सुमातांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "मास्क, दोन. दोन? अहो, मी त्यांना एकदा फुकट दिला होता. त्यात स्क्रू ठेवायचे ते."

मित्सुए हसली. उत्तरेकडच्या त्या जेमतेम तीन चटया मावणाऱ्या खोलीत तो चाळीस वर्षं बसला. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून खिडकी बंद, थिनरची बाटली उघडी, तोंड उघडं. दिवसभर नाकावर मास्क बांधून ती दवाखान्यात उभी असायची आणि घरातल्या एका माणसाच्या नाकावर तिला तो बांधता आला नाही. उद्यापासून घालतो, म्हणायचा. खोकला झाला की आल्याची गोळी चघळायचा. आपण आणखी ओरडायला हवं होतं, हे तिला रोज वाटायचं आणि ती ते कुणाला सांगत नव्हती.

"एकच द्या," ती म्हणाली. "आता मी एकटीच आहे."

कात्सुमातांनी दुसरा मास्क फळीवर परत ठेवला.

घरी आल्यावर तिने सगळे खोके देव्हाऱ्यापुढे मांडले. घरात आलेली नवी वस्तू, नवा तांदूळ, पहिला चहा, सगळं आधी तिथे जायचं. फोटोत हिदेआकी डोळे बारीक करून हसत होता. तिने घंटी वाजवली, हात जोडले.

"अहो, आलं बघा सगळं. यादीप्रमाणे."

मास्क एकच आणलाय, हे मात्र ती बोलली नाही.

दुपारी तिने खोलीत सगळं जोडलं. त्याची बसायची उशी खिडकीखाली होती तिथेच राहू दिली, आपलं स्टूल बाजूला घेतलं. सराव चमच्यांवर करायचा, हे तिला चाळीस वर्षं बघून ठाऊक होतं. प्लॅस्टिकचे पांढरे चमचे काड्यांना चिकटवले आणि एकेकावर राखाडी रंग फवारला. पहिले सहा बरे आले. सातव्यावर एअरब्रश थुंकला. रंगात पाण्याचे बारीक फोड उठले.

काचेच्या वाटीत बोटभर पाणी होतं.

तिने भिंतीवरचं आर्द्रतामापक बघितलं. ओलावा सत्तावीस टक्के. पाणी दवाखान्याच्या जुन्या सिरिंजमध्ये ओढून मोजलं. चार मिलिलिटर. असं होत नाही. कॉम्प्रेसर खोलीतली हवा ओढतो, दाबतो, आणि हवेत असेल तेवढंच पाणी खाली बसतं. हवेतच नसेल तर येणार कुठून?

रविवारी तेच. सोमवारी तिने खिडकी सताड उघडी ठेवली, कुडकुडत चार चमचे रंगवले. पाच मिलिलिटर. मंगळवारी नवी नळी लावली. पाच. बुधवारी कॉम्प्रेसर हातगाडीवर बांधून ती दुकानात गेली.

"बोटीला अजून हात लावलेला नाही," ती म्हणाली. "हे असं थुंकत राहिलं तर लावणारही नाही."

कात्सुमातांनी तो तीन दिवस दुकानात चालवला. तिथे स्टोव्हवर दिवसभर किटली उकळत असते. वाटी कोरडी ठणठणीत राहिली.

शनिवारी दुपारी दोन वाजता ते स्वतः कॉम्प्रेसर घेऊन घरी आले. आल्याआल्या देव्हाऱ्यापुढे बसले, उदबत्ती लावली आणि फोटोला म्हणाले, "ती राखाडी छटा माझीच बरोबर होती." मग खोलीत गेले. जोडणी तपासली, काचेची वाटी पुसली, टाकी मोकळी केली आणि खिडकीखालच्या उशीवर बसायला वाकले.

"तिथे नको," मित्सुए म्हणाली.

ते तसेच सरळ झाले. दाराशी उकिडवे बसले.

कॉम्प्रेसर सुरू झाला. पाच मिनिटांत काचेवर धुकं धरलं, दहा मिनिटांत तळाशी पाणी.

"खोली लहान आहे," कात्सुमाता म्हणाले. "आपण दोघं श्वास घेतोय. त्याचं असेल."

"दोघांच्या श्वासाचं एवढं?"

"नसतंच म्हणा. बाहेर बसून बघू."

त्यांनी एअरब्रशचा खटका चिकटपट्टीने किंचित उघडा ठेवला, म्हणजे हवा वाहत राहील. खिडकी लावली, सरकतं दार लावलं. दोघं स्वयंपाकघरात आले. मित्सुएने चहा केला, संत्री ठेवली. दार समोरच दिसत होतं.

कॉम्प्रेसर भरला की थांबायचा, टाकी उतरली की पुन्हा सुरू व्हायचा. मधल्या वेळात घर अगदी गप्प असायचं. अशाच एका गप्प वेळी कात्सुमातांचा साल सोलणारा हात थांबला आणि मान बंद दाराकडे वळली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. गोड आहेत संत्री."

सोललेलं संत्रं त्यांनी खाल्लं नाही.

चाळीस मिनिटांनी मित्सुएने दार सरकवलं.

वाटी काठोकाठ भरली होती.

कात्सुमाता तिच्याकडे वाकले, पण मित्सुए तिकडे बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती. उत्तरेची थंड काच, कोरडी, स्वच्छ. फक्त एका ठिकाणी, उशीच्या बरोबर वर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, बशीएवढं गोल धुकं होतं.

ते आक्रसलं. पुन्हा पसरलं.

कॉम्प्रेसर थांबला.

धुकं आक्रसलं. पसरलं.

कात्सुमातांनी वाटी काढून हातात घेतली होती, ती नाकाजवळ नेली.

"आल्याचा वास?" ते हळूच म्हणाले.

मित्सुएने मान हलवली. तिला तो वास रविवारीच आला होता.

मग कात्सुमातांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. दुसरा मास्क.

"निघताना उचलला. का ते विचारू नका," ते म्हणाले. "यादीत होता. मी परत ठेवायला नको होता."

चहा अर्धा टाकून ते गेले. जाताना उशीच्या दिशेने थोडे वाकले, रोज सकाळी दुकानात पहिल्या गिऱ्हाइकापुढे वाकायचे तसेच.

मित्सुएने पाकीट फोडलं आणि मास्क देव्हाऱ्यापुढे ठेवला. घंटी वाजवली.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "यादीप्रमाणे नव्हतं आणलं. आता आणलाय. आणि आता तरी ऐका माझं. मला तेव्हा जमलं नाही हो तुम्हाला घालायला लावणं." मग तिला रडू आलं, ऑक्टोबरात आलं नव्हतं एवढं. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं, मास्क उचलला आणि खोलीतल्या स्टँडच्या रिकाम्या आकड्याला अडकवून टाकला, जसा पाकिटातून निघाला तसाच.

दुसऱ्या दिवशी तिने बारा चमचे रंगवले. वाटीत थेंब नव्हता. काच कोरडी होती.

त्यानंतर कधीच पाणी आलं नाही. फेब्रुवारीत तिने सेइरान-मारूला पहिला हात दिला, कात्सुमातांनी बजावल्याप्रमाणे पातळ, घाई न करता. एक दिवस फवारायचं, दोन दिवस वाळू द्यायचं. खोलीत तिला एकटं वाटायचं नाही. काम करताना ती बडबडायची, कठड्याच्या आत रंग जात नाही म्हणून तक्रार करायची, आणि मग हात आपोआप जरा तिरका व्हायचा आणि रंग जायचा. मार्चअखेर बोट पांढरी शुभ्र झाली. कुठे ओरखडा नाही, फोड नाही. एप्रिलात तिने धुराड्याला निळा पट्टा काढला. कात्सुमाता भिंग लावून दोनदा बोट बघून गेले आणि नावं ठेवायला काही सापडेना म्हणून चिडले.

प्रदर्शनाला आठ दिवस होते, तेव्हा तिने आवराआवर काढली. मास्कच्या गाळण्या तीन महिन्यांनी बदलायच्या असतात. तिने आपल्या मास्कची चकती काढली. बाहेरून पांढऱ्या रंगाने माखलेली, मधे जास्त, कडेला कमी. श्वास जिथून ओढला जातो तिथे रंग जास्त बसतो. दवाखान्यात तिने अशा गाळण्या शेकड्यांनी बदलल्या होत्या. नुसत्या टांगलेल्या मास्कवर धूळ सगळीकडे सारखी बसते, हेही तिला माहीत होतं.

दुसरा मास्क कुणी घातलाच नव्हता. पण नव्या चकत्या जोडीने आल्या होत्या, म्हणून तिने त्याचीही उघडली.

मधे जास्त, कडेला कमी.

ती बराच वेळ दोन्ही चकत्या मांडीवर घेऊन बसली. बाहेर कुणीतरी गादी झटकत होतं. तिला भीती वाटली का, असं पुढे कात्सुमातांनी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, बरं वाटलं.

तिने दोन्ही मास्कना नव्या चकत्या बसवल्या. बदलायची पुढची तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि तिच्यापुढे 'दोन' असं लिहिलं.

मग दुसरा मास्क आकड्याला अडकवायला तिने पट्ट्याला धरून उचलला. पाकिटातून काढला तेव्हा तो पहिल्याच खाचेवर होता. आता सगळ्यात शेवटच्या खाचेपर्यंत सैल केलेला होता, आणि आतलं रबर हाताला कोमट लागत होतं.