खटक्यावरची रबरी कडी

दिवा राहू दे तसाच, मोठा लावू नको. आणि ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट ज्याच्यावर बेतली, त्यानं सतरा वर्षं माझ्या शेजारी उभं राहून लोखंड कापलंय. त्याच्यावर कुणी हसलेलं मला चालणार नाही. मी स्वतः हसतो, ती गोष्ट वेगळी.

त्याला सगळे झटपट म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते कागदावरच. जेवायला बसायचा तोही उठायच्या बेतानंच. काम मात्र सुंदर. नऊ इंची ग्राइंडर हातात घेतला की लोखंडाच्या जाड पत्र्यात अशी सरळ चीर पाडायचा की बघत राहावं.

खोड एकच. मशीनमध्ये जे जे त्याला थांबवेल, ते ते तो काढून टाकायचा. चकतीवर पत्र्याचं अर्धगोल झाकण असतं, माणसाच्या बाजूला. ते कोपऱ्यात अडतं म्हणून काढलं. वायरची पिन तुटली, तर दोन्ही तारा सोलून थेट सॉकेटच्या भोकात घातल्या आणि वरून काडेपेटीतल्या काड्या ठोकल्या. 'उद्या पिन आणतो' म्हणाला, त्याला दोन वर्षं झाली होती. आणि खटका! मोठ्या ग्राइंडरला खटका असतो, बोटानं दाबून धरायचा. बोट सुटलं की मशीन बंद. काही झालं, तोल गेला, हात सटकला, की मशीन आपोआप थांबावी म्हणून केलेली सोय आहे ती. पण झटपटचं बोट दुखायचं. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची एक रबरी कडी कापली. कडी खटक्यावर सरकवली की तो दाबलेलाच राहणार. मागे ओढली की मोकळा.

मी बोलून बोलून थकलो. तो म्हणायचा, "दादा, तुम्ही मशीनला घाबरता ना, म्हणून ती तुमच्यावर डोळे वटारते."

तर त्या दिवशी एकोणीस नोव्हेंबर होता. मंगळवार. एका बंद कारखान्यात पाण्याची आडवी टाकी होती, लोखंडी, वीस फूट लांब. ती कापून काढायचं काम ह्याच्याकडे. सकाळी सहाला क्रेन येणार होती. दिवसभर कापून शेवटची हातभर चीर राहिली आणि चकत्या संपल्या. म्हणून संध्याकाळी बाजारात जाऊन त्यानं एक नवी चकती आणली आणि घरी येऊन नुसता चहा घेतला.

बायको म्हणाली, "अहो, पहाटे जा ना. आता आठ वाजून गेले."

"अगं, हातभर चीर आहे. तासाभरात येतो. पान वाढूनच ठेव."

"तुमचा तास मला माहितीये," ती म्हणाली. पण ऐकेल तो झटपट कसला! घरात पाच तोंडं, आणि त्या पाचांचं सगळं ह्याच्या उजव्या हातावर. हे तिलाही ठाऊक, त्यालाही ठाऊक. म्हणूनच ती अडवायची आणि म्हणूनच तो जायचा.

फाटकावर म्हातारा पहारेकरी होता, कानानं अधू. त्याला हातानंच खूण केली, मी आत आहे म्हणून. फाटकापासून टाकी तीनशे पावलं तरी आत. ती मागच्या भिंतीला इतकी चिकटून होती की बाहेरून त्या टोकाला हात शिरत नव्हता. म्हणून ती चीर आतूनच पाडायची. टाकीला वरून एकच तोंड, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि तेही अलीकडच्या टोकाला. तिथून लोखंडी शिडी आत सोडलेली. चीर पलीकडच्या टोकाला.

त्यानं टाकीबाहेरच्या बोर्डावर तारा सॉकेटमध्ये खोचल्या, काड्या ठोकल्या, बटण चालू केलं. आत दुसऱ्या वायरवर एक बल्ब सोडला. ठिणग्यांनी शर्ट जळतो म्हणून शर्ट बाहेर व्हॉल्व्हवर टांगला. शर्टाच्या खिशात मोबाइल. मग ग्राइंडर घेऊन खाली उतरला, आणि वायर ओढली जाऊन तारा निघू नयेत म्हणून त्यानं ती शिडीच्या पायरीला दोन घट्ट गाठी मारून बांधली. बघा, किती काळजी! वायरची.

टाकीची उंची पाच फूट, म्हणजे सारखं वाकून. बूड गोल. पाय ठेवायचा तर मधल्या पट्टीतच, बाजूला ठेवला की घसरलाच. पायात रबरी चपला. त्यानं मशीन सुरू केली, कडी सरकवली आणि कापायला लागला. वीतभर चीर झाली असेल.

वीज गेली.

बल्ब गेला. चकती उतरत्या आवाजात फिरत फिरत थांबली. काळोख असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना. झटपट चरफडला. एक शिवी दिली, ती टाकीत चार वेळा ऐकू आली. मशीन बाजूच्या उतारावर टेकवली आणि कमरेवर हात ठेवून तो थांबला. येईल दोन मिनिटांत.

तेवढ्यात मशीन घसरली. खर्रर्र... लोखंडावर लोखंड. शिडीच्या बाजूला कुठंतरी जाऊन थांबली.

आणि त्याला आठवलं. कडी खटक्यावरच आहे.

समजलं का तुम्हाला? खटका दाबलेला. तारा सॉकेटमध्ये. बटण चालू. आता वीज येईल त्या क्षणी ती मशीन स्वतःहून सुटणार. चकतीवर झाकण नाही. धरायला हात नाही. नऊ इंचाची चकती त्या गोल बुडात कुठंही उडी मारणार, आणि गोल बुडात सगळं शेवटी मधल्या पट्टीवरच येतं. चालायची वाट तीच. शिडीपर्यंत जायची वाट तीच. मशीन त्याच्या आणि शिडीच्या मधे. नेमकी कुठं... माहीत नाही.



काय म्हणालीस? वायर ओढून तारा उपटायच्या? अगं, त्यालाही तेच सुचलं. पायानं चाचपून वायर सापडली. ओढली. एक इंच हलेना. शिडीला दोन गाठी मारल्या होत्या ना त्यानंच. मशीनच्या बाजूनं ओढावी तर मशीनच त्याच्याकडं येणार, ती कुठल्या तोंडानं येईल कुणी सांगावं! कडेनं जावं म्हणून उतारावर पाय ठेवला, तर चप्पल घसरून तो गुडघ्यावर आपटला. आणि पडताना हात पुढं गेला होता, मशीन असेल त्या बाजूला. हात. तो त्यानं पोटाशी धरला आणि तसाच बसला.

मग ओरडला. "अहो ऽ! कुणी आहे का? बटण बंद करा! बटण!" आवाज आतल्या आतच फिरला आणि त्याच्यावरच येऊन आदळला. पहारेकऱ्याला दोन हातांवरून बोललेलं ऐकू येत नाही.

पुढं चौकशी केल्यावर कळलं, त्या भागात वीज सेहेचाळीस मिनिटं गेली होती. फार नाही. पण एकेका मिनिटाला त्याला वाटत होतं, आता येईल... आता. आयुष्यात पहिल्यांदा माणूस वीज येऊ नये म्हणून हात जोडत होता. भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसला. लोखंड गार पडत चाललं होतं. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, मग बायकोनं वाढून ठेवलेलं पान. रडला. मला त्यानं स्वतः सांगितलं, दादा, मी लहान पोरासारखा रडलो.

रडणं थांबलं तेव्हा ऐकू आलं.

श्वास.

त्याला वाटलं आपलाच. टाकी घुमते. त्यानं श्वास रोखून धरला.

तो... चालूच.

जवळ नाही. लांबही नाही. मशीन जिथं असावी, साधारण तिथं. दमलेल्या माणसासारखा. नाकानं घेतोय, तोंडानं सोडतोय.

"कोण आहे?"

नुसता श्वास.

"पहारेकरी मामा... तुम्ही आलात का?"

...

वरून कुणी उतरलं असतं तर शिडी वाजली असती. शिडी वाजली नव्हती.

आता दोन भीती. एक मशीनची, एक ह्याची. पहिली जास्त खरी होती, आणि त्याचं डोकं अजून चालत होतं, शाबास म्हणायला हवं. त्यानं ठरवलं, वायरवर हात ठेवून सरकत जायचं. वायर मशीनच्या शेपटीला जोडलेली असते, चकती दुसऱ्या टोकाला. शेपटी सापडली की वरच दांडा, दांड्यावर खटका, खटक्यावर कडी. कडी मागे ओढली की सुटलो. हिशेब बरोबर होता.

गुडघ्यांवर बसला. डावा हात टाकीला. उजव्या हातात वायर. बोटाबोटानं पुढं.

एक वीत. दोन. वायर वळली. सरळ झाली. पुन्हा वळली.

श्वास जवळ आला. त्यानं दात आवळले. आणखी एक वीत...

आणि मनगट धरलं.

कुणीतरी. त्याचं. उजवं मनगट.

  पंजा मोठा होता. कोरडा. राठ. कातडी अशी की जणू तिच्यात रक्तच नाही. त्यानं हिसका दिला. सुटेना. पाय रोवून ओढलं. सुटेना. पकड त्याला खेचतही नव्हती. मागं ढकलतही नव्हती.

नुसती धरून होती.

"सोड... सोड रे... पोरं आहेत मला..."

...

किती वेळ? त्याला सांगता येत नाही. हात बधिर झाला.  आणि श्वास... श्वास आता अगदी कानाशी.

मग तो श्वास थांबला.

वीज आली.

लख्ख. ग्राइंडर किंचाळला. त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर! घसरताना मशीन उलटी फिरली होती. वायरचं वेटोळं चकतीवरूनच गेलं होतं आणि हा शेपटी समजून सरळ चकतीच्या पात्यावर हात न्यायला निघाला होता. मशीननं उडी घेतली, स्वतःचीच वायर कापली, निळा जाळ झाला, बाहेर बोर्डावर फट् असा आवाज आला, फ्यूज उडाला... पुन्हा काळोख.

पापणी दोनदा लवेल एवढाच उजेड. त्यात त्याला चकती दिसली. बोटं दिसली, पाचही. आणि टाकीत दुसरं कुणी नव्हतं.

पुढचं त्याला धड आठवत नाही. मशीन ओलांडली, शिडी सापडली, तोंडातून वर आला. शर्ट तिथंच, मोबाइल तिथंच. उघड्या अंगानं तीनशे पावलं पळाला. पकड सुटली की नाही, तेही त्याला कळलं नाही. मनगटाला जाणीवच नव्हती.

फाटकावर पहारेकरी खुर्चीत बसला होता. ह्याला बघून ताडकन उठला. पाणी दिलं. झटपटनं भांडं तसंच खाली ठेवलं. "हात आहे ना माझा? मामा, बघा ना, हात आहे ना?" एवढंच पुन्हा पुन्हा.

पहारेकऱ्यानं टॉर्च लावला. आधी चेहऱ्यावर, मग हातावर. "आहे की," तो म्हणाला. "पण हा हातमोजा असा काय अडकवलायस?"

झटपटनं खाली बघितलं.

मनगटावर चामड्याचा एक हातमोजा होता. कामाचा, जुना, वाळून कडक झालेला. डाव्या हाताचा. घातलेला नव्हता. मनगट मुठीत धरून बसला होता. आत हात नाही, काही नाही... आणि बोटं आवळलेली.

"माझा नाही," झटपट म्हणाला. "मी हातमोजे कधीच वापरले नाहीत."

पहारेकऱ्यानं टॉर्च काखेत धरला आणि एकेक बोट सोडवायला लागला. करंगळी. मग पुढचं. अंगठ्याला दोन्ही हात लावावे लागले. शेवटी मोजा सुटला तेव्हा खाली चार बोटांचे पांढरे वळ होते. म्हाताऱ्यानं मोजा उलटसुलट करून पाहिला. आत काही आहे का म्हणून दोन बोटं घातली.

आणि तशीच बाहेर काढली. बोटं ओली झाली होती. ती त्यानं सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली.

"अरे," तो हळूच म्हणाला, "हा आतून गरम आहे."