देव काय धातू असतो?

सगुणाच्या छातीच्या फोटोत पांढरा डाग दिसला, पण तो आजाराचा नव्हता. मग कशाचा? सांगते पोरांनो, पण मधे चुळबुळ करायची नाही.

सगुणा माझी नात, सात वर्षांची, अंगानं काडी. महिनाभर खोकत होती. साध्या एक्स-रेत कारण सापडेना, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीचा सीटी स्कॅन करू (म्हणजे न कापता शरीराचे पातळ काप दाखवणारा फोटो). सून नीलिमा सारखी डोळे पुसायची. किरणांनी पोरीला काही झालं तर? "रडून किरण पळतात का?" मी तिला दटावलं.

स्कॅनच्या खोलीत यंत्रमानव उभा. नाव किरणमित्र. मी त्याला किरण्या केलं.

"नमस्कार आजी."

"आजी असेल तुझ्या कारखान्यात. मला आक्का म्हणतात."

"बरं, आक्का. सगुणाच्या अंगावर धातूचं काही आहे?"

"कानातलंसुद्धा काढलंय. दिसत नाही?" मी म्हटलं. "आता तू सांग. हेच यंत्र माझ्या आडदांड भावाला लावलं होतं. तेवढेच किरण या काडीला घालणार?"

"छे! क्ष-किरण (अंगातून आरपार जाणारा, डोळ्यांना न दिसणारा उजेड) जाड अंगात जास्त अडतात, बारीक अंगात कमी. म्हणून हिला थोडे पुरतात."

"वाकळेमागून उजेड दिसायला मोठी बॅटरी लागते," सगुणा म्हणाली, "ओढणीमागून बारकी पुरते. तसं?"

"अगदी तसं. मुलांच्या पेशी (शरीर ज्यांचं बनतं ते बारीक कण) वाढत्या असतात. जास्त किरणांनी त्यांना इजा होऊ शकते. म्हणून आधी बघायचं, स्कॅन लागतोच का. लागला तर छातीपुरताच, आणि अंगाला बेतून."

"अंग कसं मोजतोस? चिमटा काढून?"

"आधी अगदी थोड्या किरणांत पाहणीचा फोटो काढतो. किरण कुठं किती अडले ते बघून यंत्र पुढचा बेत ठरवतं."

आम्ही काचेमागं गेलो. पाहणीचा फोटो पडद्यावर आला, आणि पोरीच्या छातीवर हा एवढा पांढराफटक डाग! बाजूला किरणांचा आकडा सरसर चढला. नीलिमा धावत काचेला जाऊन चिकटली.

"थांबवतो," किरण्या म्हणाला. "एवढ्याशा मुलीची छाती इतकी दाट नसते."

मी डागाकडं बघत राहिले. वर निमुळता, खाली चपटा, डावा कोपरा दुमडलेला. तो कोपरा मी रोज चिंचेनं घासते! आमच्या देवघरातला खंडोबाचा टाक (चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला देव). पोरीला राखावं म्हणून मीच तो तिच्या बंडीच्या अस्तरात शिवला होता.

"आक्का, मी विचारलं होतं, धातू आहे का."

"तू धातू विचारलास. देव कुठं विचारलास?"

"चांदी किरण अडवते. यंत्राला वाटलं, छातीच जाड आहे, म्हणून ते किरण वाढवायला निघालं. शिवाय टाकाभोवती फोटोत रेघा उमटल्या असत्या. स्कॅन पुन्हा करावा लागला असता."

म्हणजे राखायला दिलेल्या देवानंच... मी आत जाऊन दातांनी बंडीचे टाके उसवले आणि टाक बाहेर काढला.

पाहणी परत झाली. आकडा खाली आला. आता पोरीनं क्षणभर श्वास रोखायचा. एक ठसका, की फोटो हलला. तिचं तोंड लाल झालं. काचेमागं मीही श्वास धरला.

नाही खोकली. वाघीण माझी!

कमी किरणांमुळं फोटो जरा खरखरीत आला होता. संगणकानं ती खरखर पुसली, आणि दिसलं : श्वासनळीत अडकलेला शेंगदाण्याचा तुकडा.

"किरण्या, याहून कमी किरणांत नाही जमणार?" सगुणानं विचारलं.

"जमेल. कुणीतरी डोकं लढवायला हवं."

"मग मी लढवते," ती म्हणाली आणि तिनं पोटभर खोकून घेतलं.

घशातून दुर्बिणीची नळी घालून तुकडा काढायच्या दिवशी दारात पुन्हा किरण्याच. त्यानं तोंड उघडायच्या आत मी मूठ उघडून टाक दाखवला.

"तिच्या अंगावर धातू नाही, देवही नाही. देव माझ्याबरोबर बाहेर बसणार आहे. त्यालाही काळजी आहे."

किरण्यानं दोन खुर्च्या मांडल्या.