कोंढ्याची तिसरी प्रत

धानाची कापणी आटोपून हवा कोरडी पडली, की वर्षातून एकदा कामिनी कोंढ्याला जायची. काम साधंच होतं. तिचा नवरा भुपेंद्र मोहाडीत लोकगीतांचा संग्रह चालवायचा. रोवण्याच्या दिवसांत बाया धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात वाकून जी गाणी म्हणतात, ती त्यानं गावोगाव फिरून रेकॉर्ड केली होती. त्या गाण्यांच्या तीन प्रती होत्या. एक कॉम्प्युटरवर, दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी मुद्दाम दूर, कोंढ्याला, त्याच्या मावशीकडे, बेबीबाईकडे. एका घराला आग लागली, पाणी शिरलं, तरी गाणी राहावीत म्हणून. दर वर्षी तिन्हीकडच्या फायली पडताळायच्या आणि बिघडलेली फाईल चांगल्या प्रतीवरून भरून काढायची. लग्नाआधीपासून हे कामिनीचंच काम. त्या कामापायीच तर ती या घरात आली होती.

या वर्षी मात्र ती पडताळायला नाही, पुसायला निघाली होती.

भुपेंद्रची पहिली बायको उषा काविळीनं गेली, त्याला आठ वर्षं झाली होती. तिची एक्केचाळीस गाणी संग्रहात होती. रोज जेवण झालं की भुपेंद्र हेडफोन लावून डोळे मिटून बसायचा. कामिनीनं केलेली भाजी अळणी झाली तरी त्याच्या ध्यानात येत नसे, पण कोणत्या गाण्यात उषा कुठं श्वास घेते, ते त्याला पाठ होतं. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? आणि तिचा आवाज डोळ्यांत तेल घालून जपायचा कुणी, तर हिनंच! पाच वर्षं कामिनीनं हे पोटात ठेवलं. त्या दिवशी सकाळी भुपेंद्र बाजाराला गेला, तेव्हा तिनं कॉम्प्युटरवरचं ‘उषा’ नावाचं फोल्डर पुसलं. मग कपाटातल्या डिस्कवरचं. तिला हलकं वाटलं. भंडाऱ्याला गाडी बदलून ती दुपारी कोंढ्याला पोचली.

“डिस्क पाहाची होती, मावशी.”

“पाय ना मंग,” बेबीबाई म्हणाली. “उषीचं एखादं गानं लाव मोठ्यानं. लय दिवस झाले आयकून.”

“हेडफोनवरच आयकू येते, मावशी,” कामिनी खोटं बोलली.

मधल्या खोलीत अंधूक उजेड होता. नव्या धानाचा वास कोंदला होता. वर पंखा कुरकुरत होता. तिनं लॅपटॉपला डिस्क जोडली, फोल्डर उघडलं आणि थांबली. आजवर तिनं यातलं एकही गाणं पुरतं ऐकलं नव्हतं. असं काय होतं या आवाजात? एकदा पाहावं तरी.

सुरुवातीला, दर रेकॉर्डिंगला असतो तसा, भुपेंद्रचा आवाज आला. “कोंढा. वीस जुलै. गायिका, उषा.” मग चिखलातले पाय, बांगड्या आणि ती. आवाज गोडही नव्हता. जरा घोगरा, ओला. मागच्या बाया तिच्या ओळी झेलत होत्या. मग एकेक करून त्या गप्प झाल्या. उषाही थांबली. नुसता तिचा श्वास... आणि वर कुरकुरणारा पंखा.

बांधीत पंखा?

तेवढ्यात हेडफोनमधून बेबीबाई बोलली, “चहा मांडू का वं?”

कामिनीनं हेडफोन ओढून काढले. दारात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, पावलं आली आणि बेबीबाईनं आत डोकावलं.

“चहा मांडू का वं?”

तेच शब्द. तोच हेल. मांडीवर पडलेल्या हेडफोनमधून तोच घोगरा, ओला आवाज बारीकसा आला... “मांड ना, मावशी...”

“मांडतो,” म्हणत बेबीबाई समाधानानं वळली.

कामिनीनं फोल्डर पुसलं. चहा न घेताच ती निघाली.

दिवेलागणीला घरी आली, तर भुपेंद्र डोळे मिटून, हेडफोन लावून बसलेला.

“काय... काय आयकून राहिले तुमी?”

“तुहंच तं आहे.”

पडद्यावर फोल्डर उघडं होतं. नाव ‘कामिनी’. फायली एक्केचाळीस. त्यानं हेडफोन तिच्या कानांना लावले. “कोंढा. वीस जुलै. गायिका, कामिनी.” आणि मग तो घोगरा, ओला आवाज.

“हा तं उषाताईचा आवाज...”

भुपेंद्र हसला. “उषीले कुठं गाता येत होतं? गानारीन तं तूच.” आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपणहून तिचा हात हातात घेतला.

त्यानंतर त्या घरात उषाचं नाव कधी निघालं नाही. कामिनीला हवं होतं ते सगळं मिळालं. भुपेंद्र चारचौघांत तिच्या गाण्याचं कौतुक करतो. प्रत्यक्ष गा म्हणाला, की ती घसा बसल्याचं सांगते. दुपारी तो डोळे मिटून बसला, की दाराआडून त्याच्याकडे बघताना तिला स्वतःच्याच नावाचा हेवा वाटतो.

ते फोल्डर पुसायची तिची हिंमत नाही. आता त्यावर नाव तिचं आहे. तिनं प्रती तीनच्या पाच केल्या आणि ती दर महिन्याला पडताळते.

पाचही प्रती एकमेकींशी बरोबर जुळतात. फक्त दर वेळी प्रत्येक गाणं काही सेकंदांनी वाढलेलं असतं. त्या वाढलेल्या सेकंदांत गाणं नसतं, कुणीतरी चालत असतं. पहिल्यांदा चिखलातून पाय उपसल्याचा आवाज होता. मग शेताच्या धुऱ्यावरच्या वाळल्या गवताचा. मग डांबरी रस्त्याचा.

या महिन्यात पावलं फरशीवर वाजली.