आंबेचा शेवटचा थेंब

हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जमणाऱ्या आंबट दवाला शेतकरी आंब म्हणतात. लोक फडके पसरून ती टिपतात, पोटदुखीला घेतात. रूपाली मात्र एकेका पानावरची, मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबातली आम्लता मोजत असे. कोल्हापुरातल्या तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून पन्हाळा दिसे. तो पाहायला तिला सवड नसे. थेंबात रंगद्रव्य घालायचे, केसासारख्या काचनळीतून क्षार सोडायचा. आम्ल संपले की थेंब गुलाबी होतो. जितका क्षार लागला, तितके आम्ल. पण एवढ्याशा थेंबाला माणसाचा उच्छ्वासही आंबवतो. गुलाबी मावळतो, आकडा फुगतो. म्हणून तिचे मार्गदर्शक गणपतराव सर कानाशी गुरगुरत, "श्वास रोख, पोरी. थेंब तुझ्यापेक्षा भित्रा हाय." आणि स्वतः तिच्या खांद्यावरून वाकून खुशाल फुसफुसत.

सर माघात गेले. चैत्रात प्रबंध समितीपुढे आला. समितीने जात विचारली नाही. इतकी सभ्यता विद्वत्तेने येतेच. समितीने फक्त आडनाव दोनदा वाचले आणि तज्ज्ञासमोर पुनर्मापन मागितले. प्रबंधातल्या आकड्याशी जुळले नाही, तर प्रबंध रद्द. हरभऱ्याचा हंगाम सरला होता. शीतपेटीत आंबेचे दोनच थेंब उरले होते.

सरावासाठी तिने साध्या पाण्याचे थेंब गुलाबी केले. ते मावळले. तिने तोंडाला फडके बांधले, थेंब काचेच्या बंद पेटीत ठेवला, शेजारी उच्छ्वास शोषणारा चुना. तरी मावळला, एकदम नव्हे, पायरीपायरीने. तिने घड्याळ लावले. दर चार सेकंदांना एक पायरी.

"मॅडम, कुणीतरी श्वास सोडतंय ह्याच्यावर," प्रयोगशाळेचे परिचर कृष्णात म्हणाले.

"काहीतरीच काय, कृष्णातमामा!"

"काहीतरीच न्हाय. सर असंच वाकायचं की. मिशी टोचायची मानंला."

तिला हसू आले. हात मात्र मानेवर गेला.

सोमवारी अकराला तज्ज्ञ आले, डॉ. हंबीरराव. टेबलावर लख्ख ऊन होते. पहिला थेंब गुलाबी झाला.

मावळला.

"तुमचे सर हवे होते," हंबीरराव मृदूपणे म्हणाले. "बहुधा मोजलेही त्यांनीच असेल."

एक थेंब उरला. रूपाली पेटीवर वाकली आणि पुटपुटली, "सर, आज श्वास तुम्ही रोखा. हवा तर माझा घ्या."

तिने श्वास रोखला. क्षार सोडला.

गुलाबी.

चार सेकंद. आठ. एक मिनिट. रंग हलला नाही.

आकडा शेवटच्या दशांशापर्यंत जुळला. हंबीररावांनी तो चष्मा पुसून पुन्हा वाचला, सही केली आणि चहा नाकारून निघून गेले.

"जितलासा की, मॅडम!" कृष्णातमामा डोळे पुसत म्हणाले. "घ्या आता श्वास."

तिने घड्याळ पाहिले. श्वास रोखून एकोणीस मिनिटे झाली होती.

दम लागला नव्हता. छाती संथ वरखाली होत होती. तिने तळहात नाकासमोर धरला.

तळहाताला काहीच लागले नाही.