न दाबलेली ओळ

दिगंबर नाडकर्णींची ओळ हरली होती. शंभर जणांनी वाचली आणि फक्त दोघांनी दाबली.

त्या काळी माणसं सगळं शोधयंत्राला विचारत. यंत्र उत्तरादाखल संकेतस्थळांची यादी दाखवी आणि प्रत्येक नावाखाली डझनभर शब्दांची ओळख असे. तिला ‘ओळ’ म्हणत. कोणती ओळ राहावी हे ‘ओळमाप’ नावाची यंत्रणा ठरवी. तालुक्यातल्या अर्ध्या गावांना एक शब्दरचना दाखवायची, उरलेल्यांना दुसरी, आणि पान उघडायला किती जणांनी ओळ दाबली तेवढं मोजायचं. ज्या पानाची ओळ कमी दाबली जाई, ते यादीत खाली घसरत जाई.

सर्पदंश केंद्रासाठी तिथल्या प्रमुख डॉ. अरुंधती शेजवलकरांनी लिहिलं होतं, ‘साप चावल्यावर घरचे करतात ती जीवघेणी चूक कोणती?’ निवृत्तीनंतर केंद्राच्या ओळी लिहायला आलेल्या नाडकर्णींनी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांचे गोषवारे लिहिलेले. वाचकाची खेप वाया जाऊ नये म्हणून सगळं थोडक्यात सांगून टाकायची त्यांना सवय. त्यांनी लिहिलं, ‘चावलेला अवयव हलवू नका, आवळून बांधू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.’

आपल्याला हे काम जमणारं नव्हतंच, असं म्हणत ते राजीनामा द्यायला निघाले होते. पण केंद्राच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सहज सांगितलं, की हल्ली खाडीपलीकडचे रुग्ण वेळेत येतात, पाय मोकळा ठेवून येतात. खाडीपलीकडे नाडकर्णींची ओळ दिसत होती. बिचकत बिचकत त्यांनी ते अरुंधतीबाईंच्या कानावर घातलं.

बाईंनी नोंदी पडताळल्या. मग म्हणाल्या, “काका, तुमची ओळ वाचली की पान उघडायची गरजच उरत नाही. माणूस फोन खिशात टाकतो आणि निघतो. तो ओळमापाला दिसत नाही.”

“मग त्याला सांगा ना तसं.”

“त्याला दाबलेलं बोट तेवढं कळतं. तुमची ओळ ठेवली तर केंद्र खाली जाईल आणि वर मंत्राने विष उतरवणाऱ्या एका बाबाचं पान येईल. त्याची ओळ फार छान आहे हो. मीसुद्धा दाबली असती.”

“मग काय करायचं?”

“तीनपैकी एक सूचना पानाच्या आत ठेवा. बाहेर दोनच.”

“कुठली लपवू?”

बाईंनी ओळीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

नाडकर्णी दिवसभर त्या ओळीशी बसले. दवाखाना काढून चालणार नव्हतं. अवयव हलवू नका हेही काढवेना. शेवटी त्यांनी मधले शब्द खोडले आणि लिहिलं, ‘चावलेला अवयव हलवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या, पण ही एक चूक टाळा.’

ओळ चालली. शंभरात चाळीस बोटं पडू लागली. केंद्र यादीत पहिलं आलं, बाबा दिसेनासा झाला. अरुंधतीबाईंनी पेढे आणले.

त्याच आठवड्यात खाडीपलीकडून सोना घागला आणलं. फुरसं चावलेलं. नवऱ्याने पाय अजिबात हलू दिला नव्हता, लगेच गाडीत घातलं होतं. घोट्याच्या वर साडीचा काठ करकचून आवळलेला होता आणि खालचा पाय काळा पडला होता. नाडकर्णींना बघून नवरा म्हणाला, “चूक कुठली ते बघायला दाबलं होतं, भाऊ. आमच्याकडे रेंज कमी. अजून उघडतंय.”

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर पांढरं चक्र फिरत होतं. ओळमापाने ते बोट मोजलं होतं.