कुडपणहून येणारा फोन

रुचिर महाडहून पोलादपूरला निघाला तो एका साध्या कामासाठी. डॉक्टर शुभदांच्या प्रसूतिगृहातली घंटा दोन दिवस उगाच वाजत होती. ती बघायची आणि चारच्या एसटीने परत फिरायचं. कामं उरकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि खरं सांगायचं तर सगळा घोळ त्या उरकण्यानेच झाला होता.

घंटेची व्यवस्था त्यानेच केलेली. डोंगरातल्या गावांतून फोन आला की ऑफिसातला कॉम्प्युटर तो उचलायचा, बोलणं साठवायचा आणि खाली मुरारी ड्रायव्हरच्या खोलीत घंटा वाजवायचा. हा प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून बसवायला हवा होता, म्हणजे कॉम्प्युटरपुढे कोणी असो नसो, तो पडद्यामागे आपला चालू राहतो. रुचिरने तो नुसताच एका काळ्या खिडकीत चालू करून दिला. सर्व्हिसचं पुढच्या खेपेला बघू, असं मनाशी म्हणाला. डॉक्टरांना मात्र म्हणाला, "सर्व्हिस बसवलीय मॅडम, आता काळजी नको."

तिथली कारकून नीला मोठी शिस्तीची. रोज जेवायला जाताना लॉग ऑफ करायची. ती उठली की काळी खिडकी मिटायची आणि ती परत येईपर्यंत प्रोग्रॅम मरून पडायचा. त्या तासाभरात कधी कोणाचा फोन आला नव्हता, म्हणून कोणाला कळलंही नाही. श्रावणात एके दुपारी डोंगरातल्या कुडपण गावाहून कुशाबा म्हाताऱ्यांची गरोदर सून पूजा फोन लावत राहिली. घरचे सगळे शेतावर गेलेले. ते परतले तेव्हा रिसिव्हर तिच्या हातातच होता आणि फोनवर वेळ उमटली होती, एक चाळीस. डोलीतून खाली आणेपर्यंत ती गेली, आणि पोटातलं लेकरूही गेलं.

"नीलाने काहीतरी बंद केलं असणार," असं तेव्हा रुचिर म्हणाला होता. नीलाला घरी बसवलं. ती रडत एवढंच म्हणत होती, "मी रोजच्यासारखंच केलं हो." तिसऱ्या दिवशी रुचिरने येऊन गुपचूप सर्व्हिस बसवली. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता, पण तोंडही उघडत नव्हतं.

"बरोबर एक चाळीसला वाजते," आज डॉक्टर त्याला सांगत होत्या. "मुरारी दोनदा कुडपणला जाऊन रिकामा आला. घंटा वाजली की निघायचं, विचारत बसायचं नाही, असा आता माझाच नियम आहे."

"फोन कुठल्या नंबरवरून येतो?"

त्यांनी नुसतं कपाटाकडे बोट केलं. वर मेणकापडात गुंडाळलेला कुशाबांचा फोन होता. बाराव्यानंतर म्हाताऱ्याने तो स्वतः आणून दिला होता. "आता ह्येचा काय उपेग हाय," म्हणाला होता.

डॉक्टर राउंडला गेल्या. रुचिरने कॉम्प्युटरवर सर्व्हिसेसची यादी उघडून आपली सर्व्हिस बंद केली. बंद झाली, तशी पडद्यावर नोंदही आली. मग तो घड्याळाकडे बघत बसला. खिडकीतून ओल्या भाताचा वास येत होता.

एक चाळीस झाले आणि मोडेम खरखरला. कोणीतरी फोन उचलला. पडद्यावर सर्व्हिस बंदच होती. खाली घंटा वाजली, आणि पाठोपाठ जीप सुरू होऊन निघून गेली.

त्याने मेणकापड सोडलं. वायर तशीच गुंडाळलेली होती. रिसिव्हर मात्र कोमट लागला, बराच वेळ कानाशी धरल्यासारखा.

नवं रेकॉर्डिंग आलं होतं. त्याने हेडफोन लावले. लांब कुठेतरी कोंबड्या, मग धाप, आणि मग अगदी हळू... "गाडी... निघाली काय?"

त्याने ते पुसून टाकलं.

"कळलं का काही?" डॉक्टर दारात उभ्या होत्या.

"वायरिंगचा दोष आहे."

"रुचिर, एक विचारू? काल नीलाची आई आली होती. पोरीने अन्न सोडलंय. तेव्हा तू सर्व्हिस नीट बसवली होतीस ना? माझ्या हातून तिच्यावर अन्याय तर झाला नाही..."

एका वाक्याचं काम होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"बसवली होती मॅडम. तिनेच बंद केली."

स्वतःचीच शिसारी येऊन तो खाली पायरीवर जाऊन बसला. साडेतीनला जीप परत आली. मुरारी उतरला, पण दाराला धरूनच उभा राहिला.

"मिळाली बाई," तो म्हणाला. "वळनावर हुबी व्हती. मागं बसलीय."

"कोणाच्या घरची?" डॉक्टर धावत आल्या.

"नाव नाय बोलली. वाटभर येकच इचारीत व्हती..." त्याने रुचिरकडे पाहिलं. "कंपूटरवाले दादा थांबलेत काय, म्हनून."

डॉक्टरांनी मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती.

"आत्ता व्हती हो..." मुरारी पुटपुटला.

तेवढ्यात वर ऑफिसात फोन वाजू लागला. एकदा, दोनदा, दहादा. या खेपेला कॉम्प्युटर तो उचलत नव्हता.

"रुचिर," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "तू उचल."

तो पायरीवरच बसून राहिला. चारची एसटी गेली तरी वर फोन वाजतच होता.