कासियानची पेंढी

घंटा वाजली तर नोटबुर्गाला दर घरामागे गव्हाची एक पेंढी मिळणार होती. तेवढ्यावर ती आणि तिची लहानगी लेक लेनी हिवाळा काढणार होत्या.

नाही वाजली, तर नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. टिरोलमधलं आमचंच गाव, १७८४ सालचा जुलै, भर दुपार. नोटबुर्गा माझ्या खापरपणजीची सख्खी बहीण. खापरपणजी तिथेच उभी होती.

गारांचा ढग आला की आमच्याकडे घंटा वाजवून तो पळवायचे. ते काम नोटबुर्गाच्या नवऱ्याचं, कासियानचं; दर घरामागची पेंढी ही त्याचीच मजुरी. आदल्या वर्षी वाजवतानाच वीज पडली. दोर हातात धरूनच गेला बिचारा.

मग व्हिएन्नाहून बादशहाचा हुकूम आला. वादळात घंटा बंद. सरकारी माणसांनी दोर नेला आणि घंटेच्या मनोऱ्याचं दार विटांनी बुजवलं.

हुकूम लिहिणाऱ्याच्या शेतात गारा पडत नाहीत, असं गावचा मुख्य व्हिगिल म्हणायचा. म्हणण्यापलीकडे काही करायचा नाही.

त्या दुपारी डोंगरामागून ढग वर आला. हिरवट...

पीक कापणीला आलेलं.

पक्षी गप्प झाले. मग कुत्री. मग वारासुद्धा...

नोटबुर्गा त्या विटांवर मुठी आपटू लागली.

"कासियान, एवढ्या वेळी वाजव रे. माझ्या वाटणीच्या पेंढ्या तू घे."

"वहिनी, मेलेल्याला कसलं आमिष दाखवतेस?" व्हिगिल म्हणाला.

आणि वर...

दोन टोल. मग जरा थांबणं.

पुन्हा दोन टोल.

व्हिगिलने टोपी काढली. दोन टोलांनंतर तळहातांवर थुंकायला थांबायची खोड एकट्या कासियानची.

ढग फिरला. एक गार पडली नाही.

गाव कृतघ्न नव्हतं. कापणी होताच घराघरातून नोटबुर्गाच्या दारात पेंढी आली, निवडून, भरगच्च. व्हिगिलने तर दोन टाकल्या.

तिने पहिली झोडपली...

भुसा.

दुसरी. तिसरी. ओंब्या जागच्या जागी, आत दाणा नाही. शेजारच्या खळ्यावर त्याच शेतातला गहू टपाटप गळत होता. लोकांनी पेंढ्या बदलून दिल्या. पीठ दिलं. तिच्या उंबऱ्याआत आलं की त्याचाही कोंडा. शेजारी जेवायला बसवलं, तरी मायलेकींच्या ताटात कोंडाच.

मार्चमध्ये कासियानशेजारी लेनीची कबर खणली. पेटी उतरवायला दोर लागला नाही. हातांनीच ठेवली.

मनोऱ्याचं दार अजून बुजवलेलंच आहे. ढग आला की आम्ही वर बघतो... मागत कुणी काही नाही.

गावाने चोख दिलं. कासियानने चोख घेतलं.

भरलं लेनीने.